लक्ष्मणतात्यांचं बोचकं

लक्ष्मणतात्यांनी पहिल्याच भेटीत माझी सॅक उचलली आणि भोरच्या शाळेच्या व्हरांड्यात सरळ उलटी केली. आतून इस्त्री सोडून घरातलं सगळं बाहेर पडलं. मंडळाची पोरं खिदळायला लागली. मी त्या युवक मंडळाची प्रमुख, वर शाळेतली बाई, आणि माझी ही शोभा! तात्यांना त्याचं काही नव्हतं. उकिडवे बसून त्यांनी तो ढीग चाळला आणि विचारलं, "बाई, पांगरुन कुठंय?"

मी शाल दाखवली.

"ही लग्नात मिरवायला ठेवा. हितं पंखा लागतो म्हनून डोंगरावर बी लागंल, आसं वाटलं व्हय? फागुनात वर पहाटं दात वाजत्यात."

तात्या हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीतले. चार म्हशी, थोडी शेरडं आणि नाचणीचा एक तुकडा. तरुणपणी गुरं घेऊन ते वेल्ह्याकडच्या डोंगरांत महिनोन् महिने राहिलेले. दरवर्षी होळीच्या आधी आम्ही वीसेक मुलामुलींना तिकडच्या एका पठारावर तीन दिवस तंबूत राहायला न्यायचो, तेव्हा वाट दाखवायला तात्या हवेच. निघायच्या आदल्या दिवशी ते एसटीने भोरला यायचे, ते खास सामान भरून घ्यायला. कसलीही सॅक असो, त्यांच्या लेखी ते बोचकं.

त्यांची एक रीत होती. आपलं बोचकं आपण भरायचं नाही. जोड्या लावायच्या आणि एकमेकांचं भरायचं. "आपलं आपुन भरलं की मानूस सोताचं लाड करतो," ते म्हणायचे. "जड हुतंय म्हनून पांगरुन काढतो आन बिस्किटं कोंबतो. दुसऱ्याचं भरताना बोलनी खायचं भ्या आसतं." भरणाऱ्याने गाठ मारली की मालकाने ती पठारावर पोचेपर्यंत सोडायची नाही. आणि वर गेल्यावर काही कमी निघालं, तर भरणाऱ्याने आपलं काढून द्यायचं. एका वर्षी दोन मैत्रिणींचं भांडण होतं, त्यात एकीने दुसरीचा स्वेटर मुद्दाम घरी ठेवला. तात्यांनी तिचा स्वतःचा स्वेटर उतरवून घेतला आणि तिला दोन दिवस चुलीशी बसवलं. ती मुलगी आज पुण्यात नोकरी करते आणि अजून त्याबद्दल कौतुकाने बोलते.

माझी जोडी कायम तात्यांशी. मुलांची बोचकी ते गाठ मारण्याआधी एकेक उलटी करून बघत, पण मी भरलेलं त्यांनी कधी तपासलं नाही. "बाईंचं तपासायचं म्हंजे काय?" एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी तात्या सत्तरीला आले होते. चढावर त्यांना धाप लागते हे मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. त्यांची घोंगडी चांगली जाड, खांद्यावर घेतली तरी वजन कळायचं. मी मोबाईलवरून त्यांच्यासाठी एक हलकी, फुगीर झोपायची पिशवी मागवली. भर थंडीत चालते, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. पोरं चहाला गेली तेव्हा मी घोंगडी काढून शाळेच्या कपाटात ठेवली, ती पिशवी आत घातली आणि गाठ मारली. वर गेल्यावर तात्या किती खूश होतील, याचाच विचार मनात होता. मला त्यांचं भलं करायचं होतं, हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. उपयोग होत नाही.

तात्यांनी बोचकं खांद्याला लावलं. "हलकं लागतंय, बाई."

"सगळं आहे, तात्या."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी पठारावर पोचून तात्यांनी गाठ सोडली, तेव्हा घोंगडी शाळेच्या कपाटात ठेवल्याचं मी त्यांना हळूच सांगितलं. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. पोरांचे तंबू धरायला तात्या बाहेर पळाले. त्यांचा स्वतःचा तंबू आडवा झाला. घोंगडी असती तर पाणी झटकून त्यांनी तीच पांघरली असती. ती फुगीर पिशवी भिजून चिंधीसारखी झाली. मी माझी रजई घेऊन गेले. रीत त्यांचीच होती. त्यांनी ती हाताने मागे सारली.

"तुमास्नी ताप भरला तर पोरांकडं कोन बघंल?"

एका पोराने विचारलं, "तात्या, तुमची घोंगडी कुठाय?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण वीस पोरं माझ्याकडे बघत होती, आणि तेवढ्यात तात्या म्हणाले, "म्याच काढली. कपाटात हाय शाळंच्या. म्हातारा झालो, जड लागती." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी उतरताना ते कुडकुडत होते. दोन दिवसांनी दवाखाना, मग पुणे. नवव्या दिवशी ते गेले. छातीत पाणी झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी पोरांची चौकशी केली, आणि मी फळं ठेवून परत आले. त्यानंतर मंडळाची सहल गेली नाही. मी काढलीच नाही.

दर वर्षी मी त्यांच्या घरी जाते. त्यांच्या पत्नी हौसाकाकी चहा करतात. या फाल्गुनातही गेले. काकी आता फार थकल्यात, पण राग तेवढाच आहे.

"जल्मभर लोकांची बोचकी तपासली," त्या म्हणाल्या, "आन सोताची घोंगडी काढून ठिवली. का, तर म्हनं जड लागती! माझा इचार आला नसंल का हो बाई, त्येंच्या मनात? म्या एकटीनं कसं जगायचं? मेले तरी म्या त्येंना माफ न्हाई करायची."

चुलीत लाकूड सारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा, माजं चुकतंय का?"

"नाही काकी," मी म्हणाले. "तुमचं बरोबर आहे."