अक्कांची वकिली

नीरजा मोहित्यांना चामराजपेटेत सगळेच अक्का म्हणत. धाकटा भाऊ भीमसेन म्हणे तो नात्याने, बाकीचे सवयीने. बेंगळुरूत या घराण्याच्या इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की बोलताना मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते, हे त्यांचे त्यांनाही कळत नसे. अक्कांनी एका शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवला. पुढे शाळेने गाइडातली उत्तरे जशीच्या तशी उतरवून घ्यायचा आग्रह धरला, तेव्हा निवृत्तीची वाट न पाहता त्यांनी राजीनामा दिला.

घरी बसणे मात्र त्यांना जमेना. भीमसेनच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात जाऊन त्या मजकूर तपासू लागल्या आणि मुहूर्ताच्या वेळेवरून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालू लागल्या. भीमसेनच्या तोंडाला फेस आला. अशात जे. पी. नगरातून संपदा त्यांना शोधत आली. ती मूळची पुण्याची, नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिचा मुलगा श्रीहर्ष शाळेत न जाता घरीच शिकत होता. तशीच आणखी चार मराठी घरे तिने जमवली होती.

"मुलं पुस्तक हातात धरत नाहीत, अक्का. स्क्रीनसमोर मात्र तासन्‌तास बसतात. सिनेमे आणि डॉक्युमेंटरी दाखवून जगाचा इतिहास शिकवाल का?"

"म्हणजे परीक्षेच्या वेळी तिकीट फाडणार काय?" भीमसेनने आतून विचारले.

"तू पत्रिका छाप," अक्का म्हणाल्या, आणि पुढच्याच शनिवारी जे. पी. नगरची बस धरली.

तो वर्ग त्यांना मानवला. संपदाच्या हॉलमध्ये पडदे ओढून पाच मुले बसत. अक्का एखादी जुनी माहितीफीत लावत, आणि पहिल्यांदा चक्क आवाज बंद करून दाखवत. मग आवाजासकट. मग विचारत, "ही माणसं खूश आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांच्या चेहऱ्यांनी, की मागच्या बँडने?" कुठे कापले आहे, कुठे जोडले आहे, चौकटीबाहेर काय ठेवले आहे, हे हेरायला मुले शिकली. मल्हाररावांची मुलगी भूमिका त्यात सगळ्यांत तरबेज. पंधरा वर्षांची पोर, पण पडद्यावर काही खटकले की बसल्या जागेवरून म्हणायची, "अक्का, इथं कापलंय. मघाशी त्याच्या डोक्यावर टोपी होती." मल्हाररावही चामराजपेटेच्या जुन्या मराठी वस्तीतलेच, त्यामुळे अक्कांना ती घरच्यासारखीच होती. भीमसेनपाशी त्या तिचे कौतुक करायला लागल्या की तो म्हणे, "सरी, सरी, कळलं. दत्तकपत्राचा मसुदा करून ठेवतो."

अक्कांची खरी गंमत होती ती वकिली. मुलांना प्रचारपट नुसता फसवा आहे असे सांगून भागत नाही, तो आधी अंगावर यावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्या एक काळी शाल खांद्यावर घेत. शाल अंगावर आली की अक्का संपल्या, पडद्यावरच्या माणसाचा वकील सुरू झाला. वकिलाने फड गाजवायचा आणि मुलांनी त्याचा मुद्दा न्‌ मुद्दा पाडायचा. शाल उतरली की खटला संपला. मुसोलिनीच्या काळातली फीत दाखवली, त्या दिवशी तर अक्का रंगात आल्या होत्या. "दलदल उपसली, शिस्त लावली, तरुणांना काम दिलं. बोलघेवड्यांच्या सभेपेक्षा एक कणखर माणूस बरा. या पोरांना तसाच एक हवा," असे त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. भूमिकेने पाऊण तास झुंजून त्यांना हरवले, आणि त्या आनंदात अक्कांनी सगळ्यांना मसाला डोसा खाऊ घातला.

वर्ष संपताना श्रीहर्षने टूम काढली की आता मुलांनीच एक डॉक्युमेंटरी करायची. विषय नीरजा अक्का. वर्गातले चित्रण त्याच्याकडे होतेच, कारण गैरहजर मुलांसाठी तो प्रत्येक शनिवारी कॅमेरा लावून ठेवी. अक्कांनी संकोचत होकार दिला. किशोरांच्या एका स्पर्धेत ती फिल्म निवडली गेल्याचे कळले तेव्हा त्यांनी भीमसेनच्या दुकानात पेढे वाटले. अजून त्यांनी फिल्म पाहिलेली नव्हती. मुले म्हणाली होती, सरप्राइज आहे.

रविवारी संध्याकाळी संपदाच्या हॉलमध्ये पाचही घरचे आईबाप जमले. अक्का ठेवणीतली इरकल नेसून पुढच्या खुर्चीत बसल्या. सुरुवातीला चामराजपेटेतली गल्ली, भीमसेनचे दुकान, अक्कांचे हसणे. मग श्रीहर्षचा आवाज आला, "पण आमच्या बाईंना खरंच काय वाटतं?" आणि पडदाभर अक्कांचा चेहरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत, त्याखाली काही नाही. "बोलघेवड्यांच्या सभेपेक्षा एक कणखर माणूस बरा. या पोरांना तसाच एक हवा." टेबलावर हात आपटल्याचा आवाज. मग गप्प बसलेल्या मुलांचे चेहरे, जे भलत्याच कुठल्या शनिवारचे होते.

दिवे लागले. कुणी टाळी वाजवली नाही.

"अक्का, हे तुम्ही मुलांना शिकवता?" मल्हाररावांनी विचारले.

"ती वकिली होती," अक्का म्हणाल्या. त्यांना अजून हसूच येत होते. "माझ्या अंगावर शाल होती, यांनी ती चौकटीबाहेर ठेवली. मुलांना विचारा ना."

मल्हारराव श्रीहर्षकडे वळले. "काय रे? शालीचं काय आहे?"

श्रीहर्ष लॅपटॉपकडे बघत होता. "अक्का कधी कधी शाल घेतात. एसी असतो ना."

"आणि त्या बोलल्या ते?"

"बोलल्या तर आहेतच, काका. आम्ही काही त्यांच्या तोंडी घातलेलं नाही."

"त्या दिवसाचं पूर्ण चित्रण लाव," अक्का म्हणाल्या.

"डिलीट केलं. जागा नव्हती."

आता त्यांचे हसू गेले. त्यांनी एकेका मुलाकडे पाहिले. सगळ्यांना ठाऊक होते. कापाकापी ओळखायला त्यांनीच शिकवलेली पाच मुले समोर बसली होती, आणि एकालाही काही दिसत नव्हते. शेवटी त्यांनी भूमिकेकडे पाहिले आणि थांबल्या.

"भूमिका, तू तरी सांग," मल्हारराव म्हणाले.

भूमिका ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मला नीट आठवत नाही, अप्पा."

वर्ग तूर्त थांबवावा असे पालकांत ठरले. तेही फार सभ्यपणे, अक्कांनी विश्रांती घ्यावी अशा भाषेत. संपदा दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "मी त्याला म्हटलं होतं अक्का, आधी तुम्हाला दाखव म्हणून. पण परीक्षकांना नेमका तोच भाग आवडला. आता सांगितलं तर फिल्म बाद होईल. पाचही मुलांची नावं आहेत हो. तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्याल."

म्हणजे संपदालाही ठाऊक होते. अक्कांनी चप्पल घातली आणि त्या जिना उतरल्या.

बसथांब्यावर भूमिका धापा टाकत आली. "अक्का, आम्हाला वाटलं तुम्ही सांगितलं की घरचे विश्वास ठेवतील. तुमचं ऐकतील असं वाटलं."

"तुला दिसलं होतं कुठे कापलंय ते?"

"पहिल्यांदाच. श्रीहर्षने दाखवलं तेव्हाच."

"मग?"

भूमिकेला रडू फुटले. एरवी अक्कांनी तिला जवळ घेतले असते. त्यांचा हात उचललाही गेला होता, पण तो त्यांनी पर्सच्या चेनकडे नेला.

"मी अप्पांना सांगू का? आत्ता जाऊन?"

"ते तू मला विचारू नकोस."

भूमिका वळून इमारतीकडे पाहू लागली. वरच्या मजल्यावर पुन्हा पडदे ओढले होते. उशिरा आलेल्या कुणाला तरी फिल्म दाखवत असावेत. ती पाहत राहिली, जागची हलली नाही. चामराजपेटेकडे जाणारी मार्केटची बस आली. अक्का चढल्या आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या, म्हणजे थांबा दिसू नये.