हुकावरची लाल दोरी

पाण्याला भिणाऱ्या बाईनं बोटीवर स्वयंपाकाची नोकरी धरावी, हे म्हणजे चक्कर येणाऱ्यानं माडावरचे नारळ उतरवायचा धंदा करण्यासारखं आहे. पण मावशीनं ती नोकरी धरली होती आणि चांगली टिकवलीही होती. बोटीवर सगळे तिला मावशीच म्हणत. बोट जरा कलली की ती ओट्याची कड धरी. धक्क्याला लावलेल्या फळीवरून बोटीत चढताना ती खाली बघत नसे, डोळे मिटून कप्तानाचा हात धरी. झोपताना उशाला उशी नसायची, बुडू न देणारं फुगीर नारिंगी जाकीट असायचं. इंजिनवाला म्हणे, "मावशी पाण्याला एवढी भिते ना, म्हणून तर रस्सा इतका घट्ट करते." मावशी त्याला पळी दाखवी, पण हसत नसे. भीती ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे, असं तिला कधीच वाटलं नाही.

बोट फळीवाल्यांची होती. म्हणजे मालक दुसराच, पण भाड्यानं घेणारे फळीवाले. लांबलांबच्या शहरांतून हौशी माणसं यायची, रंगीत सर्फिंगच्या फळ्या काखोटीला मारून बंदरावर उतरायची आणि जिथं दुकान नाही, दवाखाना नाही, फोनला रेंज नाही अशा बेटांकडे निघायची. का, तर तिथं लाटा चांगल्या फुटतात. त्या लाटांवर फळी घेऊन उभं राहायचं, पडायचं, आणि पडलो म्हणून हसायचं. "घरी पलंगावरून पडा की," मावशी स्वतःशी पुटपुटे, "तेवढ्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं?"

मग ती स्वतः का येत होती? तर मुलासाठी.

मुलाला बोटीवर बगळ्या म्हणत. लांब तंगड्या आणि तासन् तास पाण्याकडे बघत उभं राहायची सवय. मोठ्या बोटीच्या मागे दोराला बांधलेली एक रबरी होडी असे, तिला सगळे पिल्लू म्हणत. ते पिल्लू चालवणं हे बगळ्याचं काम. फळीवाले लाटांत गेले की यानं पिल्लू घेऊन लाट फुटते त्या जागेच्या कडेला थांबायचं, कुणाची फळी मोडली, कुणाला पाय खरचटला, कुणी दमला, की जाऊन उचलून आणायचं. खाली प्रवाळाचा खडक, सुरीसारखा. वर लाट. मध्ये तिचा मुलगा. स्वयंपाकघराला ताटाएवढी एक गोल खिडकी होती. मावशी कांदा त्या खिडकीतून बघत बघतच चिरायची, आणि पिल्लू परत येईपर्यंत स्वतः घास खात नसे.

तिनं त्याला कोरड्या धंद्याला लावून पाहिलं होतं. बंदराजवळ दोर आणि रंग विकणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची खोली. जिन्यात सगळ्यांचा मिळून एक नळ, आणि खिडकी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीकडे. समुद्राकडची खोली मिळत असताना तिनं मुद्दाम ही घेतली होती. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तिनं मुलाला चिकटवून दिलं. काचा घासायच्या, दांड्यांचे स्क्रू आवळायचे. त्यात बुडण्यासारखं काही नाही. पोरानं जेमतेम पावसाळा काढला आणि एक दिवस बोटीवर नाव घालून आला. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पदर खोचून कप्तानाकडे गेली. कप्तान तिच्या नवऱ्याचा जुना सोबती, तिला वहिनी म्हणायचा. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या बोटीवरचं जेवण कुत्रंसुद्धा खाणार नाही असं ऐकते. मला घ्या."

नवऱ्याचंही सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो लहान इंजिनाच्या होडीतून मासे धरायला जायचा. अशा इंजिनाला एक लाल दोरी असते, टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळ्याची. तिच्या एका टोकाला प्लॅस्टिकची चिमटी. ती चिमटी बटणाखाली बसवली तरच इंजिन सुरू होतं. दुसरं टोक चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायचं. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, चिमटी निघते, आणि होडी जागेवर थांबते. नवरा ती मनगटाला लावत नसे, कामात मध्ये मध्ये येते म्हणून. एका सकाळी चपला घालता घालता तो म्हणाला, "येतो." ती आतून म्हणाली, "या." होडी संध्याकाळी सापडली. तेल संपून इंजिन बंद पडलेलं, जेवणाचा डबा न उघडलेला. चिमटी जागच्या जागी होती. माणूस कुठं पडला, किती वेळ होडीमागं पोहत राहिला, कुणालाच कळलं नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशी तर त्या दिवसापासून साधं पाणीही फुंकून प्यायला लागली. आणि मुलाच्या "येतो" ला तिनं परत कधी उत्तर दिलं नाही. तो म्हणायचा, "येतो गं आई." ती म्हणायची, "दोरी मनगटाला लावलीस?" रोज एवढंच. लाल दोरी स्वयंपाकघराच्या दाराशी हुकाला टांगलेली असे. तिथं ठेवायचं तिनंच ठरवलं होतं, नजरेसमोर राहावी म्हणून.

त्या खेपेला पाहुण्यांमध्ये एक दातांची डॉक्टरीण होती, दोघं भाऊ होते आणि एक मास्तर होते. मास्तर निवृत्त, चित्रकला शिकवायचे, डोक्यावर केस नावापुरते. पण फळीवर चढले की पंचविशीतले. आपलं ताट आपण विसळणारा तेवढा एकच पाहुणा. त्यांनी कांदा चिरणाऱ्या मावशीचं चित्र काढलं होतं आणि त्यात ती रडताना दिसते म्हणून ती त्यांच्यावर रुसली होती.

कप्तानानं रेडिओवर ऐकलं की उद्या लाटा मोठ्या येणार, या मोसमातल्या सगळ्यांत मोठ्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीच्या हातातली पळी पातेल्यात पडली. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो तो असा, तिला वाटलं.

सकाळी बोट बेटाच्या आडोशाला शांत उभी होती, पण खडकापलीकडून आवाज येत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाटं सरकवत असावं तसा. मावशीनं गोल खिडकीतून पाहिलं. एक लाट उठली, उठतच राहिली, आणि फुटली तेव्हा ती खिडकीपासून मागं सरली. बगळ्या मागच्या बाजूला तोंड धूत होता. बाकीचे फळ्यांना मेण घासत होते. तिचा हात आपोआप हुकाकडे गेला. दोरी काढली. पिठाचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि दोरी तळाशी पुरून टाकली. वरून पीठ सारखं केलं.

तिचा विचार सरळ होता. दोरी नाही तर पिल्लू नाही, पिल्लू नाही तर मुलगा नाही. एक दिवस पत्ते खेळतील मेले. उद्या लाट उतरेल, मग दोरी पोत्यामागं सापडेल. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"आई, दोरी बघितलीस?"

"तूच ठेवतोस ना? नीट बघ." आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

त्यानं बघितलं. पोत्यांमागं, चुलीखाली, गुडघ्यांवर बसून. कप्तान ओरडला तसा बगळ्या म्हणाला, "माझ्याच हातून कुठं पडली असणार. चूक माझी." मावशी कणीक मळू लागली. चोराच्या मनात चांदणं. पिठाच्या डब्याकडे बघायचं नाही असं ठरवलं की नजर नेमकी तिथंच जात होती.

आणि फळीवाले तिच्या हिशेबात नव्हतेच. खडक काही फार लांब नव्हता. रोजचीच पद्धत अशी की उतावळे पुढं पाण्यात उड्या टाकून फळीवर पालथे पडून वल्हवत जायचे, पिल्लू मागून यायचं. मास्तर आणि डॉक्टरीण केव्हाच गेले होते. पिल्लू येतंच आहे, अशा भरवशावर.

खिडकीत अर्धी फळी दिसली. पिवळी, मास्तरांची, मधून मोडलेली. मग डॉक्टरीण दिसली, दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवत.

सगळी बोट एकदम धावली. कप्तान पिल्लात उतरून बटणाखाली चिमटीच्या जागी गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळू लागला. तसं जमतं कधीकधी. पण तंगूस सारखा निसटत होता. मावशी कणकेत हात घालून उभी. सांगायला हवं, आत्ता, याच क्षणी. तिनं हात कणकेतून काढले आणि परत घातले. सांगितलं तर मुलगा पिल्लू घेऊन जाणार. नाही सांगितलं तर मास्तर. ती तशीच उभी राहिली, फार नाही, दोन-चार श्वास.

तेवढ्यात बगळ्यानं पाहुण्यांची एक फळी उचलली आणि उडी मारली.

तिनं जे टाळायला हे सगळं केलं, ते तिच्या डोळ्यांदेखत झालं, आणि जास्त वाईट झालं. पोरगं आता पिल्लातही नव्हतं. इंजिन नाही, जाकीट नाही, नुसतं पाण्यात. मावशीनं डबा उपडाच केला. पिठानं माखलेली दोरी घेऊन ती बाहेर धावली. कप्तानानं दोरीकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. काही विचारलं नाही. दोरी घेतली, मनगटाला लावली, चिमटी बसवली.

"ओढून घ्यायला कुणीतरी पाहिजे," तो इंजिनवाल्याला म्हणाला.

"त्याला बोट सांभाळू दे." मावशी पिल्लात उतरली होती. डोळे उघडे ठेवून.

"वहिनी, तुम्ही नको."

"चालवा, भाऊजी."

पिल्लू म्हणजे पायाखाली रबर आणि रबराखाली समुद्र. तिनं कडेचा दोर असा आवळला की बोटं पांढरी पडली. खिडकीतून दिसायची ती लाट वेगळी आणि ही वेगळी. ही अंगावर सावली टाकत होती. कप्तान लाट फुटायच्या जागेच्या कडेला थांबला आणि पुढं जाईना. "ही दोन जाऊ देत," तो ओरडला. तिला मुलगा दिसत होता. फळीवर मास्तरांना आडवं टाकलेलं, आणि हा मागून धरून पाय मारतोय. मग पहिली लाट आली आणि दोघंही दिसेनासे झाले. पांढरं, सगळं पांढरं. नवऱ्यालाही असंच पाणी दिसलं असेल, तिला वाटलं, आणि मीच याला इथं ढकललं, माझ्या या हातांनी. ती किंचाळली का, हे तिला आजही आठवत नाही. कप्तान म्हणतो, ती मुलाचं पाळण्यातलं नाव घेऊन हाका मारत होती, जे नाव बोटीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरी लाट गेली. फेसात एक डोकं वर आलं. मग दुसरं. कप्तानानं इंजिन पिळलं. मावशीनं वाकून मास्तरांना बगलेत धरलं. रोज सगळ्या बोटीची कणीक मळणारे हात ते, सुटायचे नाहीत. मास्तर आत आले. मग तिनं मुलाचे केस धरले आणि ओढलं, लहानपणी न्हाऊ घालताना ओढायची तसं.

दोघंही वाचले. मास्तरांचा खांदा निखळला होता आणि पोटात पाणी गेलं होतं. बगळ्याची पाठ खडकानं सोलली होती. आपल्या फळीवरून परत आलेल्या डॉक्टरणीनं ती धुतली, "दातांपेक्षा सोपं आहे हो," असं म्हणत, पण तिचेही ओठ पांढरे होते. बगळ्या पालथा पडून होता. त्याच्या नाकासमोर कप्तानाचं मनगट होतं, आणि मनगटावर लाल दोरी. दोरीच्या वेटोळ्यांत पीठ बसलं होतं. खाऱ्या पाण्यानं त्याची कणीक झाली होती.

तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग मान वळवून त्यानं आईच्या हातांकडे पाहिलं.

"सापडली शेवटी," कप्तान घाईघाईनं म्हणाला. "पोत्यामागं होती."

बगळ्या दिवसभर बोलला नाही. मावशीला आता लाटेची भीती उरली नव्हती, या गप्प बसण्याची होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. तू बोटीवरून उतर म्हणाला असता तरी चाललं असतं. तिनं सांडलेलं पीठ गोळा केलं, डबा घासला, मास्तरांना पेज दिली. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलानं वाचवलं हो मला." तिला तिथं उभं राहवेना. खरं काय ते तिनं मास्तरांना सांगितलं ते निघायच्या दिवशी. मास्तरांनी खाली बघितलं, मग आपलं ताट विसळायला निघाले. क्षमा केली की नाही, ते तिला कधी कळलं नाही.

पण त्याच्या आधीची, दुसऱ्याच दिवशीची ती सकाळ सांगायची राहिली. लाट थोडी उतरली होती, फार नाही. दोघं भाऊ फळ्या घेऊन तयार होते. बगळ्या पाठीला पट्ट्या चिकटवून दाराशी आला. त्यानं हुकावरची दोरी काढली. रात्रीत कुणीतरी ती धुऊन लख्ख केली होती. ती त्यानं आईच्या हातात ठेवली.

"आजपासून ही तुझ्याकडे राहील. रोज मी मागायला येईन. द्यायची का नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर पिल्लू जाणार नाही, आणि मग पाण्यात कुणीच उतरणार नाही. कप्तानांना सांगितलंय मी."

"मला नको हे," मावशी म्हणाली. "बाळा, एवढं नको टाकूस माझ्यावर. मला नाही झेपायचं."

त्यानं मनगट पुढं केलं आणि तसाच उभा राहिला.

नाही म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि पोरगं आज कोरडं राहिलं असतं. तिनं खिडकीतून पाहिलं. खडकापलीकडं लाटांची कपाटं सरकत होती. तिचे हात असे कापत होते की दोरीचं टोक दोनदा निसटलं. ते अजून कापतात, रोज, आणि रोज तो तेवढा वेळ थांबतो. तिनं दोरी त्याच्या मनगटाला लावली, ओढून पाहिली, परत एकदा ओढून पाहिली.

"येतो गं आई," तो म्हणाला आणि सवयीनं लगेच वळला, कारण उत्तर कधी येत नसे.

"ये," मावशी म्हणाली.