तत्त्वतः मंजूर

आडवळणाच्या गावातले अत्यवस्थ रुग्ण हेलिकॉप्टरने मोठ्या दवाखान्यात हलवायची सरकारी सोय आहे, तिच्या पुण्यातल्या कंट्रोल रूममध्ये मी समन्वयक होते. मूळची नर्स. हे काम मला साहेबांनी शिकवलं. बारा वर्षं ते मला धाकट्या बहिणीसारखं 'अगं-तुगं' करायचे, आणि मी त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबायचे. आता त्याचा मला स्वतःचाच राग येतो.

त्या सकाळी कर्वेनगरला भाड्याने राहणारा एक कारखान्यातला कामगार थेट आमच्याकडे येऊन बसला. गाव पार पूर्वेकडचं, जंगलातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायकोला दोन महिन्यांपूर्वी तिकडे पोचवून आलेला. बाळ झालं होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, रुग्णवाहिका दारात उभी आहे, रस्त्याने चार तास लागतील, हेलिकॉप्टर मिळणार की नाही ते लवकर कळवा.

मी कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. ते चहा पीत होते. वाचून म्हणाले, "मंजूर आहे. सांगून टाक."

मी सांगून टाकलं. डॉक्टरांना म्हटलं, रस्त्याने हलवू नका, हेलिकॉप्टर येतंय. त्यांनी गाडी थांबवली. नवऱ्यालाही सांगितलं. तो माझ्या पाया पडायला वाकला. मला अवघडल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पुढे अडीच तास तिकडच्या धावपट्टीवरचं हेलिकॉप्टर जागचं हललं नाही. उड्डाणाला लेखी आदेश लागतो आणि तो साहेबांच्या टेबलावरून निघालाच नव्हता. मी तीनदा आत गेले. वरून विचारणा होईल, जरा थांब, एवढंच ते सांगत राहिले. शेवटी दुपारी डॉक्टरांनीच तिला गाडीत घातलं. ती वाटेत गेली. बाळ आजीकडे राहिलं.

चौकशी लागली तेव्हा मी फाईल पाहिली. साहेबांच्या वळणदार अक्षरात 'तत्त्वतः मंजूर'. सरकारी मराठीत होकार देऊन हात मोकळे ठेवायची सोय या शब्दात आहे. 'मंजूर' आधीचं होतं. 'तत्त्वतः' वेगळ्या शाईत, जागा नव्हती म्हणून समासात चढलेलं. मी जाब विचारला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपण नीट ऐकलं नसावं."

आपण! बारा वर्षांत पहिल्यांदा. त्या एका शब्दाने त्यांनी मला दाराबाहेर काढलं.

पंधरवड्याने तो कामगार परत आला. मुंडण केलेलं. भांडायला नव्हता आला, विचारायला आला होता. "मॅडम, तुम्ही तर मंजूर झालं म्हटलं होतं ना जी?"

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. खरं काय ते मला पाठ होतं. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तत्त्वतः मंजूर होतं."

त्याने तो शब्द मनाशी एकदा उच्चारून पाहिला.

"म्हणजे नव्हतं," तो म्हणाला. "मंग गाडी जाऊ द्याची होती ना जी."