शेवटच्या डब्याची लाल पाटी

तेव्हा वाफेची इंजिनं अजून धावत होती. धरमपेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानात मी माझ्या छोट्या इंजिनासाठी लाकडी डबे निवडत होतो. घरी टेबलावर रूळ मांडले होते, आणि गाडी अगदी खरी दिसावी असा माझा हट्ट होता.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ नातीसाठी घेतलेली बाहुली काखेत धरून उभे होते. उभे कसले, सारखी चुळबुळ! चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा माझ्या डब्यांकडे पाहायचं.

"सारे नवे कोरे काहून घेता जी?" शेवटी त्यांना राहवेना. "पॅसेंजरले एखादा विटका डबा असतेच."

मला राग आला, पण म्हणणं पटलं. काचेच्या कपाटात उन्हानं विटलेला एक डबा होता, तो मी शेवटी जोडला. तरी त्यांना चैन नव्हतं. खिशातून लाल पेन्सिल काढून, मला न विचारताच, त्यांनी त्या डब्याच्या पाठीवर चौकोन रंगवला.

"शेवटच्या डब्याले पाटी पाहिजे. मी स्टेशनमास्तर होतो. पाटी दिसली, तरच गाडी पुरी आली. नाही तर मागं सुटलेल्या डब्यांवर दुसरी गाडी येते."

"असं कधी झालं होतं?"

"एकदा. पाटी न पाहताच मागच्या गाडीले रस्ता देला मी."

एवढं बोलून ते झपाझप निघून गेले.

आजही माझी गाडी टेबलावर फिरते, आणि तो लाल चौकोन वळणावरून दिसेपर्यंत मला खाली बसवत नाही.