गॅलरीतली चटई

नाशिक रोडच्या ज्या कॉलनीत आम्ही राहत होतो, तिथे एका मजल्यावरच्या सगळ्या खोल्या एकाच लांब गॅलरीत उघडत. कोणत्या घरातली बाई किंवा मुलगी बाजूला बसली आहे, हे साऱ्या मजल्याला दिसे. गॅलरीच्या टोकाला चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. बसलेली दिसली की कोणी काही बोलत नसे. बसायची ती बसली नाही, की मात्र लक्षात राहत असे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नववीत होते, शाळेच्या खो-खो संघात. सकाळी शाळेआधी सराव असे. निघताना अर्धा कप चहा, बाकी काही नाही. पोट रिकामं असलं की पाय हलके राहतात, असं खेळाच्या बाई सांगत. सोमवार आणि गुरुवार उपास. संध्याकाळी पुन्हा मैदान. रात्री वडील आणि भाऊ जेवल्यावर आई आणि मी बसत असू. भाजी तळाशी आलेली असे. माझा फ्रॉक सैल झाला होता. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बारीक मुलगी चपळ धावते, असंच सगळे म्हणत.

वर्षभर नेमाने येणारी पाळी थांबली. पहिल्या महिन्यात मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या काकूंनी तांदूळ निवडता निवडता आईला विचारलं, "वहिनी, तुमची लेक या खेपेला दिसली नाही ती चटईवर?"

"बसली की," आई म्हणाली. "तुम्ही लासलगावला गेला होतात तेव्हा."

मी दाराआड होते. आई खोटं बोलल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "खरं सांग. कोणी काही केलंय का तुला?"

मला काही कळलं नाही. "खो देताना जोरात ढकललं होतं एकीने," मी म्हणाले.

आई पाटावर बसली. बराच वेळ ती माझ्या पोटाकडे बघत होती. मागच्या चाळीतली एक मुलगी आदल्या वर्षी नामपूरला मामाकडे गेली होती आणि परत आलीच नव्हती. तिच्याबद्दल विचारलं की बायका विषय बदलत. आईच्या नजरेवरून मला ती मुलगी आठवली, आणि का ते न कळताच मीही घाबरले.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आईने चटई टाकली. "बस."

"आई, पण आलेली नाही."

"हळू बोल. बस म्हटलं ना."

मी चार दिवस बसले. शाळा नाही, मैदान नाही. काकू लांबूनच म्हणाल्या, "काय राणीसरकार, आयती सुट्टी का?" आई हसली. मीही हसले. आत तीळ आणि गूळ उकळत होता. पाळी यावी म्हणून तो काढा मला दोन वेळा मिळे. शिवाय आईने माझ्या नावाने नवस बोलला होता, सोळा सोमवारांचा. यापुढे सोमवारी साबुदाणाही खायचा नव्हता.

त्यातल्याच एका सोमवारी मैदानावर दोन खांबांच्या मध्ये माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा खेळाच्या बाई तोंडावर पाणी मारत होत्या. त्यांनी रिक्षातून मला एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नेलं आणि घरी निरोप धाडला. आई आली ती दारातच थांबली. पदर तोंडाशी धरलेला होता.

डॉक्टरबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. "शेवटची पाळी कधी आली?"

"गेल्याच महिन्यात," आई दारातून म्हणाली. "चार दिवस बसली होती. विचारा आमच्या शेजारी कोणालाही."

डॉक्टरबाई लिहू लागल्या. त्या लिहितील त्यावर औषध ठरणार, एवढं मला समजत होतं. घरी गेल्यावर काय होईल, तेही समजत होतं.

"आली नव्हती," मी म्हणाले. "नुसती बसले होते."

पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी आईला बाहेर बसवलं. मला काही प्रश्न विचारले, त्यातल्या काहींचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. पोट तपासलं, लघवी तपासायला घेतली. मग काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारलं. ते सांगायला मला फार वेळ लागला नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तो हातात येईपर्यंत आईने अन्नाला हात लावला नाही.

"तुम्ही घाबरलात तसं काही नाही," डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "मुलगी उपाशी आहे. एवढी धावते, आणि खाते चिमणीएवढं. शरीराला पुरत नाही, तेव्हा ते आधी हे काम बंद करतं. रक्तही कमी आहे."

"मग खेळ बंद करते तिचा."

"खेळ नका बंद करू. उपास बंद करा. मैदानावर जाण्याआधी भाकरी किंवा पोळी, दूध. दुपारी उसळ, पालेभाजी. दाणे-गूळ रोज. अंडं चालत असेल तर तेही. आठवड्यात एक दिवस धावायचं नाही."

"नवस बोललाय हो," आई हलक्या आवाजात म्हणाली.

"बोललात तुम्ही, करा तुम्ही. तिला जेवू द्या."

उरलेले सोमवार आईने स्वतःकडे घेतले. मला ती भावाबरोबर जेवायला बसवू लागली आणि ताटात वाढलेलं संपेपर्यंत समोरून हलत नसे. वाढण्यात माया होती की धाक, ते मला ठरवता आलं नाही. दर महिन्याला ती कॅलेंडरकडे बघायची, मग माझ्याकडे. खोटी चटई तिने पुन्हा टाकली नाही. काकूही पुन्हा काही विचारत नव्हत्या, आणि ते अधिक वाईट होतं.

थंडीत एका सकाळी सरावाहून येऊन मी आईच्या कानात सांगितलं. तिने मोरीचं दार लावलं आणि म्हणाली, "दाखव." मी दाखवलं. तिने भिंतीला हात टेकला. मग बाहेर जाऊन चटई झटकली, गरजेपेक्षा जोरात.

जिल्ह्याच्या संघाची निवड त्याच आठवड्यात होती, आमच्याच शाळेच्या मैदानावर. निवडीच्या सकाळी मी चटईवरूनच विचारलं, "आई, जाऊ का? पोटात दुखत नाहीये. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, खेळ बंद करायचा नाही."

तिने ताटात दाण्याचा लाडू वरून टाकला, स्पर्श होऊ न देता. काकूंच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"आज नको," ती म्हणाली. "या वेळी खरी बसली आहेस. दिसू दे सगळ्यांना."

शाळेचं मैदान कॉलनीच्या मागेच होतं. शिट्टी चटईपर्यंत ऐकू येत होती. मी लाडू खाल्ला.