सोललेल्या नारळाचं अर्थिंग

इलेक्ट्रिकल इंजिनियर झाल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर मी पहिलं वायरिंग केलं ते होडीच्या पाळण्याचं.

किन्हवलीच्या पलीकडे, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, धरणाचं पाणी येऊन थांबतं. त्या पाण्यात म्हशी डुंबायच्या, बायका कपडे धुवायच्या, मुलं पोहायची. विजेचा आणि त्या पाण्याचा काही संबंध नव्हता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या एका शेठनी काठावरची जमीन घेतली, बंगला बांधला आणि परदेशात कुठेतरी पाहिलेली गोष्ट इथे करायची ठरवली. पाण्यात लोखंडी धक्का, धक्क्यावर दिवे आणि टोकाला एक सांगाडा. बटण दाबलं की मोटर फिरणार आणि सांगाडा मोटरबोटीला पट्ट्यांत धरून पाण्याबाहेर उचलणार. पाण्यात राहिली तर बोट खराब होते, असं शेठचं म्हणणं होतं. पाण्यात राहून खराब होणारी होडी घ्यावी कशाला, असं गावाचं म्हणणं होतं. पण सांगाडा उभा राहिला, रिकामे पट्टे वाऱ्यावर हलायला लागले आणि गावाने त्याला पाळणा म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून बायका माझ्या काकीला विचारायच्या, बारसं कधी?

काका शेठकडे राखणदार होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा वाशिंदच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. गावातून पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्याबद्दल सगळ्यांच्या कल्पना मोठ्या होत्या. लोक माझ्याकडे बंद पडलेला रेडिओ आणायचे, तसंच वांझ राहिलेली गायही दाखवायला आणायचे. काकाने शेठना छातीठोक सांगितलं होतं की आमचा पोर असताना बाहेरचा वायरमन कशाला.

शेठना दिवे कसे दिसतील याची काळजी होती. मला काळजी होती ती काकाची. रोज सकाळी तो गुडघाभर पाण्यात उतरून सांगाड्याच्या खांबांवरचं शेवाळ पुसायचा. चिखलात पाय घसरतो म्हणून एका हाताने लोखंडी खांब घट्ट धरायचा. म्हणजे पाय अनवाणी, पाण्यात, आणि हात लोखंडाला. आम्हाला कॉलेजात शॉक कसा लागतो ते शिकवताना जे चित्र काढून दाखवत, त्यातला माणूस अगदी असाच उभा असायचा. मी शाळेत असताना ओढ्याला पूर आला की हाच काका मला खांद्यावर बसवून, दप्तर डोक्यावर धरून पलीकडे न्यायचा. मी इंजिनियर झालो तो त्याच्या खांद्यावरून झालो. आणि आता माझ्या हातच्या वायरिंगशेजारी तो रोज पाण्यात उभा राहणार होता.

म्हणून मी काही कसर ठेवली नाही. पाण्याखाली एकही जोड दिला नाही. स्विचबोर्ड काठावर, पुराचं पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवला. करंट कुठे गळला की आपोआप पडणारा स्विच शेठच्या मागे लागून मुंबईहून मागवला. राहिलं होतं अर्थिंग. मोटरच्या आणि सांगाड्याच्या लोखंडात चुकून करंट उतरला, तर तो माणसातून न जाता सरळ जमिनीत जावा आणि स्विच पडावा, यासाठीचा खड्डा. खड्ड्याच्या तळाशी तांब्याची प्लेट उभी करायची, तिला तार जोडायची, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने भरायचं आणि माती ओढायची. मिठाने जमिनीत ओल टिकते, कोळशाने करंटला वाट मिळते. कोणत्याही पुस्तकात हे असंच लिहिलेलं असतं.

पुस्तकात एवढंच लिहिलेलं नसतं की हे काम कोणत्या दिवशी करू नये. माझी साप्ताहिक सुट्टी त्या आठवड्यात सर्वपित्री अमावस्येला आली. काकाने सकाळी खड्डा खणून दिला आणि तो पितरांचं पान ठेवायला घरी गेला. माझं खड्ड्यात उतरणं, मोजमाप, तार जोडणं यात संध्याकाळ झाली. मग मी एकट्याने, दिवेलागणीच्या वेळी, अमावस्येला, परक्याच्या जमिनीत तांबं पुरलं आणि वर कोळसा आणि मीठ टाकलं. लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या एका बाईने मला पाहिलं. मी तिला नमस्कारही केला. ती नेहमीपेक्षा जरा भरभर गेली, एवढं मला आठवतं. मी हात धुतले आणि समाधानाने वाशिंदला परतलो.

शेठनी पूजा दसऱ्याला ठेवली होती. नव्या गाडीची करतात तशीच. त्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा बोट पाळण्यात होती, पाण्यापासून हातभर वर, झेंडूच्या माळांनी मढलेली. मुंबईची पाहुणेमंडळी पांढऱ्या कपड्यांत धक्क्यावर उभी होती. सगळं गाव काठावर होतं आणि बायका खरोखरच ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. नारळ फोडून शेठ बटण दाबणार, बोट पाण्यात उतरणार, असा बेत होता.

मी म्हटलं, एकदा अर्थिंग तपासतो. खड्ड्याकडून येणारी तार बोर्डावर सोडवली आणि बल्ब लावून पाहिला. एक टोक चालू वायरला, दुसरं अर्थिंगच्या तारेला. असं केलं की स्विच तत्काळ खाली पडायला हवा. तो पडला नाही. बल्बही लागला नाही. पुन्हा लावला, तरी तेच. तारेच्या दुसऱ्या टोकाला जणू जमीनच नव्हती.

मी शेठना सांगितलं की आज बोट खाली येणार नाही. अर्थिंग गेलेलं आहे आणि आधी खड्डा उकरावा लागेल. शेठनी विचारलं की दिवे लागताहेत, मोटर फिरते, मग गेलं काय? मी म्हटलं, जे दिसत नाही ते गेलं. हे उत्तर त्यांना आवडलं नाही. पाहुण्यांपैकी एकाने सरबत मागितलं. मी काकाला फावडं आणायला सांगितलं, तेव्हा काका जागेवरून हललाच नाही.

"ऱ्हाऊ दे रे," तो हळूच म्हणाला. "लोकांसमोर नको."

मग फावडं मीच आणलं. माती भुसभुशीत लागली. हातभर खाली तांदूळ दिसले, हळद दिसली, एक सुपारी निघाली आणि मग लाल फडक्यावर ठेवलेला शेंडीचा नारळ. नारळाभोवती माझी प्लास्टिकच्या आवरणातली तार नीट गुंडाळलेली होती, उघडं टोक दुमडून शेंडीत खोचलेलं. कोळसा नाही, मीठ नाही, तांब्याची प्लेट नाही. माझ्या एवढ्या काळजीने केलेल्या वायरिंगचं अर्थिंग एका नारळाला दिलेलं होतं.

काका मला बाजूला घेऊन गेला. मोळीवालीने त्याच रात्री गावभर सांगितलं होतं की शेठच्या जमिनीत कुणीतरी करणी पुरली. अमावस्या, तांबं, कोळसा, मीठ. शेतात मीठ तर माणूस दुष्मनाच्याच टाकतो. कुणी पुरली ते तिने अजून सांगितलं नव्हतं, पण सांगितलं असतं.

"येवढा शिकून आला आनि पयल्याच कामाला करनी केली, असं बोलले असते तुला," काका म्हणाला. "म्हनून मीच काढलं. जागा मोकळी ठेवू नये, म्हनून नारळ ठेवला. तुजी तार मात्र नाय तोडली. तू लय मेहनतीनं टाकलेलीस."

"मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारनार? तू इंजिनेर."

मी विचारलं, प्लेट कुठे आहे? काका खाली बघायला लागला. तांबं पवित्र, ते घरात ठेवणं चोरी झाली असती. म्हणून त्याने ती चिंचेने घासून गावदेवीच्या देवळात दिली होती. तिथे घटस्थापनेला अखंड दिव्याखाली ताटली हवीच होती. नऊ दिवस देवीचा दिवा शेठच्या बोटीच्या अर्थिंगवर जळत होता. आणि घट उठेपर्यंत तो हलवता येत नव्हता.

हे शेठना कसं सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी जसं होतं तसं सांगितलं. तुमची बोट खाली यायला तांब्याची प्लेट लागेल, प्लेट दिव्याखाली आहे, दिवा घट उठल्यावर उठेल, घट थोड्या वेळाने उठतील. शेठनी बोटीकडे पाहिलं, मग देवळाकडे पाहिलं आणि खुर्ची मागवली.

घट उठले. प्लेट आली तेव्हा तिच्यासोबत निम्मं गाव आलं. तिला हळदकुंकू लावलेलं होतं, वर आपट्याची पानं होती. मी ती पुसू लागलो तर काकीने माझा हात धरला. कुंकवाने करंट अडत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ती तशीच तारेला जोडून खड्ड्यात उभी केली. पण मिठाचं पोतं आणलं तसे लोक पुढे सरकले. पोलीस पाटील मध्ये आले. ते म्हणाले, तांब्याबद्दल गावाचं काही म्हणणं नाही, पण सणाच्या दिवशी गावाच्या हद्दीत मीठ पुरू देणार नाही. उद्या कुणाची म्हैस आटली तर? मी अर्थिंग समजावून सांगायला लागलो. वीज, ओल, जमीन. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळे तसेच उभे राहिले. मी म्हटलं, मीठ नाही तर अर्थिंग नाही, आणि अर्थिंग नाही तर मी फ्यूज काढून खिशात घालून घरी जातो. काकाला मी या पाण्यात उभा करणार नाही.

तेव्हा काका पुढे आला.

"नारळ लावताना खड्ड्यात काय घालतात?" त्याने पाटलांना विचारलं.

"मीठ घालतात," पाटील म्हणाले.

"मग? हितं नारळ लावलाय. सगळ्यांनी आताच बघितला."

सगळ्यांनी खड्ड्याच्या काठावर ठेवलेल्या नारळाकडे पाहिलं. तो सोललेला होता. पूजेला ठेवतात तसा, नुसती शेंडी राखलेला. तो जन्मात उगवणार नव्हता, हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं.

"सोललेला हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

पाटलांनी बराच विचार केला. "सोललेला म्हनून काय झालं," ते म्हणाले. "नारळ तो नारळ. घाला मीठ."

"आनि कोळसा?" मागच्याने विचारलं.

"वाळवी लागू नये म्हनून," काका म्हणाला.

अशा रीतीने मी भर दुपारी, गावाच्या संमतीने, प्लेटभोवती कोळसा आणि मीठ भरलं आणि वरच्या मातीत सोललेला नारळ लावला. काकीने त्यावर घागरभर पाणी घातलं. मी पुन्हा बल्ब लावला. खट् आवाज झाला आणि स्विच पडला. बंगल्यातले पंखे थांबले, धक्क्यावरची दिव्यांची माळ विझली, टेपवरची सनई मध्येच बसली. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, आता लाईटपण गेली. मी आनंदाने ओरडलो की हेच पाहिजे होतं, आणि त्या दिवसानंतर शेठ माझ्याशी जरा जपूनच बोलायचे. मग मी तार बोर्डाला परत जोडून स्विच वर केला, बटण दाबलं गेलं, बोट खाली उतरली, बायकांनी पाळणा म्हटला. बोटीचं नाव काय ठेवायचं हे मात्र शेठना आयत्या वेळी सुचलं नाही.

अर्थिंगच्या खड्ड्याला अधूनमधून पाणी लागतं, हे मी काकाला सांगितलं होतं. त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. नारळ लावलाय म्हटल्यावर पाणी घालणं आलंच. उन्हाळ्यात धरणाचं पाणी दूर जायचं, धक्का कोरड्या जमिनीवर उभा राहायचा, सांगाड्याखाली कुणीतरी काकड्यांचे वेल लावायचं आणि काकड्यांच्या वर शेठची बोट लटकत असायची. तेव्हाही काका बंगल्याच्या विहिरीवरून घागर आणून नारळाला पाणी घालायचा. गावात कुणी त्याला हसलं नाही. शेठच्या पाहुण्यांना तो सांगायचा की नारळाला वेळ लागतो.

काही वर्षांनी, पावसाळा सरता सरता, एसटीच्या कंडक्टरकडे काकाचा निरोप आला की स्विच सारखा पडतोय, शेठ बोलतात, येऊन बघ. रविवारी गेलो. काकाने सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा पाण्यात उभा राहून खांब पुसत होता. शेठच्या ड्रायव्हरने वरून बोट उचलायचं बटण दाबलं आणि लाईट गेली. त्याने स्विच पुन्हा वर केला, लाईट पुन्हा गेली. स्विच पडू नये म्हणून ड्रायव्हर त्याला दोरी बांधणार होता, पण काकाने हात लावू दिला नाही, कारण तो माझा स्विच होता.

मोटरजवळची केबल मी उघडली. उंदरांनी ती कुरतडली होती आणि आतली उघडी तार सांगाड्याच्या लोखंडाला टेकलेली होती. मी काकाला विचारलं, लाईट गेली तेव्हा तुझा हात कुठे होता?

"खांबाला. अजून कुटं असनार?"

"काही लागलं? झिणझिण्या?"

"नाय रे. लाईट गेली, बस."

मी काठावर बसलो. काकाला वाटलं मला ऊन लागलं, म्हणून त्याने पाणी आणून दिलं. मग मी त्याला तार दाखवली आणि काय होऊ शकलं असतं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, तार बोटाने उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "बरं झालं नारळ लावला."

मी केबल बदलली, लोखंडी नळीत घातली, नळीची तोंडं बुजवली. जाण्याआधी विहिरीवरून घागर भरून आणली आणि खड्ड्यावर ओतायला लागलो. काकी काकाचा डबा घेऊन येत होती. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"येवढा इंजिनेर झालास," ती म्हणाली, "आनि सोललेल्या नारळाला पानी घालतोस?"

मी हो म्हटलं आणि दुसरी घागर आणायला गेलो.