कृपया थांबा

नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात दोन टोळ्या होत्या. एक संगणकाच्या पडद्यावरचं करणारी, दुसरी पडद्यामागचं. पडद्यावर काय दिसावं आणि कोणत्या शब्दांत, हे मी ठरवायचे, म्हणून बोलणी दोन्हीकडून खायचे. मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन होतं, पण भांडणं ईमेलवर चालत. उठून पलीकडे जाण्यात दोघांनाही कमीपणा वाटे.

आम्ही एका इस्पितळासाठी यंत्र करत होतो. पेशंटने पडद्याला बोट लावायचं, डॉक्टर निवडायचा, भेटीची वेळ घ्यायची. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते, म्हणून एखाद्या साध्या माणसाला बसवून बघायचं ठरलं. आमचे टीम लीड मला म्हणाले, "तुमच्या घरी असेल ना कोणी? संगणकाचा गंध नसलेलं?" त्यांना असे प्रश्न फार नम्रपणे विचारता येत. मी बाबांना आणलं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म खडकवासल्याच्या कालव्याची दारं उघडण्यात आणि बंद करण्यात गेला. वरून हुकूम येईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. लेकीच्या ऑफिसात बोलावलंय म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, धायरीतल्या अख्ख्या आळीला सांगून निघाले.

त्यांना यंत्रासमोर बसवून आम्ही शेजारच्या खोलीत काचेमागे बसलो. नियम एकच, मदत करायची नाही. बाबांनी डॉक्टर निवडला, वेळ निवडली. मला वाटलं, जिंकलं. पडद्यावर माझं वाक्य आलं, 'कृपया थांबा. आपली वेळ निश्चित होत आहे.' ते क्षणभर येऊन जायला हवं होतं. ते हलेना.

बाबा थांबले. हात मांडीवर, पाठ ताठ. आमच्या खोलीत खसखस पिकली. "काका मुहूर्त बघतायत." "झोपले वाटतं." लीडनी दारातून विचारलं, "काही अडचण?" बाबा उठून उभे राहिले. "न्हाई साहेब. थांबा म्हनतंय त्ये. थांबलोय." सगळे फिदीफिदी हसले. आपलं काहीतरी बरोबर आलंय असं वाटून बाबाही हसले आणि पुन्हा बसले. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

"यंत्र अडकलंय," मी म्हटलं. झालं. पडद्यावाले म्हणाले, मागून निरोप आल्यावर आम्ही वाक्य पुसणार. मागचे म्हणाले, निरोप कसला, तुम्ही विचारायचं. ते काम दुसऱ्याचं समजून दोघांनीही केलंच नव्हतं. भांडण रंगलं आणि काचेपलीकडे माझा बाप थांबलेलाच. मी दार ढकलून आत गेले, त्यांना उठवलं. मागून लीडचा आवाज आला, "लिहून घ्या. वापरणाऱ्याला मदत लागली."

दुपारी बैठक. कोणी माघार घेईना, आणि इस्पितळाची माणसं यायची वेळ झाली. शेवटी लीड म्हणाले, "अहो, कशाला भांडता? आजोबांनी पुन्हा एकदा बोट लावलं असतं तर इथे बसायची वेळ आली नसती." दोन्हीकडच्या माना डोलल्या. यंत्र ठीक, वापरणारा मंद. त्या दोन टोळ्यांचं मी पाहिलेलं पहिलं एकमत ते. मी ओरडले. लीडनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपण वडिलांना आणायलाच नको होतं," म्हणाले. "भावना मध्ये येतात." त्यांचं तोंड फोडावंसं वाटलं. अजून वाटतं.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "झालो का पास?"

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. यंत्रच बिघडलेलं."

त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकली. "उगं माझं मन राखू नगंस. तू केल्यालं यंत्र बिघडंल कसं?"

मी परोपरीनं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. पुढे बँकेत, स्टेशनावर, कुठेही यंत्र दिसलं की ते दोन पावलं मागे सरत. "तू दाब, माझ्याच्यानं चुकतंय," म्हणत. मग रांगेतल्या परक्या माणसाकडे वळून आवर्जून सांगत, लेक ह्यातलीच हाय.